एका देवळात दोन वेद्या

माझ्या भाचीची लेक इंग्लंडच्या पूर्व भागात शिकते आहे. मध्यंतरी तिचा मेल आला. दोन ओळी हवापाण्याच्या, एक ओळ आमच्या गुडघ्यांच्या चौकशीची, आणि मग एकदम प्रश्न : "मावशीआजी, माणूस एकाच वेळी ख्रिश्चन आणि विक्कन असू शकतो का? तू इतकी वर्षं इतिहास शिकवलास, सांग ना."

तिच्या शेजारच्या खोलीतली मुलगी म्हणे दोन्ही आहे. रविवारी चर्चला जाते आणि पौर्णिमेच्या रात्री मेणबत्त्या लावून, भोवती वर्तुळ आखून चंद्रदेवीची पूजा करते. तिच्या आजीला हे कळलं, तेव्हा आजीनं भांडण वगैरे काही केलं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेला चांदीचा क्रूस तेवढा परत मागितला. मुलगी तो द्यायला तयार नाही. गेले काही महिने दोघींत अबोला आहे.

मी चार ओळींचं उत्तर पाठवलं, पण विषय काही डोक्यातून जाईना. मग कपाटातली पुस्तकं निघाली, थोडं इंटरनेटवर वाचलं. जे सापडलं ते इथे लिहिते आहे. (आमच्याकडच्या मंडळींना यातलं बरंचसं जेवणाच्या टेबलावर ऐकून झालेलं आहे. त्यांनी पुन्हा वाचलं नाही तरी रागावणार नाही.)

आधी दोन शब्दांविषयी. 'पेगन' म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे युरोपातले देवदेवता मानणारा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेड्यातला माणूस. शहरं आधी ख्रिस्ती झाली, खेडी मागे राहिली, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. आपल्या 'गावंढळ'सारखाच हिणवायचा शब्द, पुढे लोकांनी अभिमानानं स्वतःला लावून घेतला. 'विक्का' हा त्यातलाच एक आधुनिक पंथ. एक देव, एक देवी, ऋतुचक्राचे आठ सण, चंद्राच्या तिथी, आणि कोणाला इजा न करता हवं ते कर, असा साधारण आचार.

आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं. "त्यात काय एवढं? सगळे देव एकच." आमचे हे तर म्हणाले, की आपण नाही का वांद्र्याच्या मोतमावलीला जात? खरंच आहे. सप्टेंबरच्या जत्रेत माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहायला जितके ख्रिस्ती येतात, तितक्याच हौसेनं हिंदूही येतात, आणि घरी येऊन देवघरात दिवा लावताना त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. वांद्र्याच्या एखाद्या ख्रिस्ती बाईनं गणपतीला नवस बोलायचा ठरवला तर? ती कदाचित बोलेलही, पण फादरना सांगताना तिची जीभ अडखळेल. रस्ता तोच, पण जायचा आणि यायचा सारखा नाही. आपल्याला ही अडचण चटकन कळत नाही, कारण आपण नेहमी सोप्या बाजूनं चालत आलो आहोत.

आता इंग्लंडकडे जाऊ. हा प्रश्न तिथे चौदाशे वर्षांपूर्वी एका राजाला पडला होता, आणि नात राहते त्याच भागात.

रेडवॉल्ड हा ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे आजच्या सफोक आणि नॉरफोकचा राजा. त्याची हकिगत लिहून ठेवली ती बीड नावाच्या साधूनं. (आपल्या बीड जिल्ह्याशी काही संबंध नाही. वर्गात हे दरवेळी सांगावं लागायचं आणि दरवेळी मागच्या बाकावर हशा व्हायचा.) बीडनं इंग्रज लोकांच्या चर्चचा इतिहास इ. स. ७३१ मध्ये पुरा केला. तो सांगतो, की रेडवॉल्ड केंटला गेला असताना तिथे त्यानं बाप्तिस्मा घेतला. केंटचा राजा एथेलबर्ट त्या वेळी दक्षिणेत सर्वांत बलवान होता आणि तो नुकताच ख्रिस्ती झालेला. तेव्हा या बाप्तिस्म्यात भक्ती किती आणि राजकारण किती, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा. रेडवॉल्ड घरी परतला. त्याची राणी आणि काही सल्लागार यांनी त्याची समजूत घातली, की आपले देव असे सोडता येत नाहीत. मग राजानं मधला मार्ग काढला. एकाच देवळात दोन वेद्या मांडल्या. एक ख्रिस्ताच्या उपासनेसाठी, आणि एक लहानशी, जुन्या देवांना बळी देण्यासाठी.

बीडला हा प्रकार अजिबात पसंत नाही. याच्यापेक्षा पहिली अवस्था बरी होती, असाच त्याचा सूर आहे. शिवाय दोष द्यायला राणी आहेच! तिचं नावसुद्धा तो लिहीत नाही. मला मात्र त्या बाईविषयी कुतूहल वाटतं. नवऱ्यानं परगावी जाऊन देव बदलून यावं आणि घरात कोणाला विचारूही नये, यावर एखादी बाई बोलणारच की.

रेडवॉल्ड ६२५ च्या सुमारास वारला. त्यानंतर तेराशे वर्षांनी, १९३९ मध्ये, सफोकमधल्या सटन हू इथे एडिथ प्रिटी नावाच्या बाईंच्या जमिनीवरचा एक मातीचा उंचवटा बेझिल ब्राउन या स्वयंशिक्षित उत्खननकारानं उकरला. आत एक सत्तावीस मीटर लांबीचं अख्खं जहाज निघालं. लाकूड कुजून गेलेलं, पण खिळे जागच्या जागी आणि वाळूत फळ्यांचा ठसा स्पष्ट. मधोमध राजाचं सामान : शिरस्त्राण, तलवार, सोन्याची बक्कलं, फ्रँक लोकांची सोन्याची नाणी. जहाजात घालून, वर माती लोटून पुरणं हा पक्का जुन्या धर्माचा संस्कार. पण त्याच सामानात चांदीचे दहा वाडगे निघाले, त्यांवर क्रूसाची नक्षी, आणि चांदीचे दोन चमचे, त्यांवर ग्रीक अक्षरांत 'पॉलोस' आणि 'सॉलोस' अशी नावं कोरलेली. सॉल नावाच्या छळ करणाऱ्याचा पॉल नावाचा प्रेषित झाला, ही बायबलमधली प्रसिद्ध गोष्ट. म्हणून काहींनी हे बाप्तिस्म्याचे चमचे मानले. दुसरे म्हणतात, ते कारागिरानं अक्षर चुकवलं असेल इतकंच. कबर कोणाची हेही ठामपणे लिहिलेलं नाही, पण बहुतेक अभ्यासकांचं बोट रेडवॉल्डकडेच जातं. हे सगळं सामान आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणखी एक गंमत. सटन हूपासून जवळच रेंडलशम नावाचं गाव आहे, जिथे या राजांचा वाडा होता असं बीडच्या ग्रंथावरून दिसतं. तिथे उत्खनन करणाऱ्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं, की सुमारे दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा एका लाकडी इमारतीच्या पायाच्या खुणा मिळाल्या आहेत आणि ते ख्रिस्तपूर्व धर्माचं देऊळ असावं. दोन वेद्यांचं देऊळ हेच, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. पण असल्या देवळाची लांबीरुंदी कळली हेही काही कमी नाही. आमच्या जुन्या शाळेतल्या वर्गाएवढंच म्हणायचं!

आता दुसरी गोष्ट, जिची रेडवॉल्डशी नेहमी गल्लत होते. ६०१ साली पोप ग्रेगरीनं इंग्लंडात दोन पत्रं पाठवली. एथेलबर्ट राजाला लिहिलं, की मूर्तिपूजा मोडून काढ, देवळं पाड. आणि त्याच वर्षी मेलिटस नावाच्या पाद्र्याला लिहिलं, की मी पुष्कळ विचार केला, देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती तेवढ्या फोडा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी मांडा, संतांचे अवशेष ठेवा. लोकांना त्याच जागी यायची सवय आहे, ती राहू द्या. ते बैल कापतात ना? कापू द्या, पण देवाच्या सणाला मेजवानी म्हणून. चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालू द्या. उंचावर चढणारा माणूस पायरी पायरीनं चढतो, उड्या मारत नाही. एका शिक्षिकेला हे पत्र न आवडणं शक्यच नाही.

ख्रिस्ती आणि पेगन यांचा मेळ घालू पाहणारे आजचे लोक या पत्राचा दाखला देतात : बघा, चर्चनंच तर सगळं मिसळून घेतलं. ईस्टर हे नावसुद्धा बीडच्या म्हणण्याप्रमाणे इओस्त्रे या देवीवरून आलं (या देवीविषयी बीडखेरीज दुसरा जुना साक्षीदार नाही, हे मात्र ते सांगत नाहीत). इंग्रजी वारांच्या नावांत तर जुने देव आजही बसलेत. बुधवारी वोडन, गुरुवारी थॉर. पण ग्रेगरीचं पत्र नीट वाचलं, की लक्षात येतं, हा मेळ नाहीच. घर तेच, मालक बदलला. भिंती ठेवल्या, मांडव ठेवला, मेजवानी ठेवली, फक्त आतला देव ठेवला नाही. रेडवॉल्डनं नेमकं उलटं केलं. त्यानं दोन्ही देव ठेवले.

हा फरक आपल्याला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, स्वर्गाला वैकुंठ, सगळा थाट पुराणाचा. मराठीची त्यांनी केलेली स्तुती आपण शाळेत शिकवतो. पण पुराण ख्रिस्ताचंच आहे. त्यात विठोबाला जागा नाही. ग्रेगरीचं पत्र जणू ओवीत उतरलं म्हणा. भाषा, रीत, सण, वास्तू यांची सरमिसळ होऊ शकते आणि ती झालीच आहे, त्याबद्दल वाद नको. नातीच्या मैत्रिणीचा प्रश्न तो नाहीच. ती दोन वेद्या मांडते आहे.

दोन वेद्यांचा माणूस कसा दिसतो हे बघायचं, तर आइसलंडला जावं लागेल. नवव्या शतकाच्या शेवटी तिथे वस्ती करायला आलेल्यांत हेल्गी नावाचा एक सरदार होता. टोपणनाव 'किडकिडीत हेल्गी', कारण लहानपणी त्याची उपासमार झाली होती. वस्तीचा जुना ग्रंथ त्याच्याविषयी सांगतो, की त्याची श्रद्धा मिश्र होती. तो ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रप्रवासाला निघताना आणि अवघड कामाच्या वेळी थॉरचा धावा करायचा. आइसलंड दिसू लागल्यावर त्यानं थॉरलाच विचारलं, की किनाऱ्याला कुठे लागू? कौल मिळाला उत्तरेकडचा. जहाजावर सगळे कंटाळलेले, हिवाळा तोंडावर. तेव्हा त्याच्या मुलानं, ह्रोल्फनं, विचारलं, की थॉरनं थेट उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जायला सांगितलं तर तिकडेही जाणार का? (वयात आलेली मुलं सगळ्या शतकांत सारखीच.) शेवटी सुखरूप पोचल्यावर हेल्गीनं आपल्या घराला नाव दिलं 'क्रिस्टनेस', ख्रिस्ताचं भूशिर. ते नाव आजही तिथे आहे.

वाट दाखवली थॉरनं आणि पाटी लागली ख्रिस्ताची! हसू येतं खरं, पण मला हेल्गी ढोंगी वाटत नाही. त्याच्या लेखी एक देव शांततेचा आणि एक वादळाचा. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डन इथे दहाव्या शतकातला दगडी साचा सापडला आहे, त्यात क्रूसही ओतता येतो आणि थॉरचा हातोडाही. तो घडवणाऱ्याकडे दोन्ही गिऱ्हाइकं येत असतील. आणि काही गिऱ्हाइकं हेल्गीसारखी दोन्ही मागत असतील, कोण जाणे.

पुढे इ. स. १००० च्या सुमारास त्याच आइसलंडमध्ये देश दुभंगायची वेळ आली. ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक सभेत समोरासमोर उभे राहिले, आणि एकमेकांचे कायदे आम्हाला लागू नाहीत असं म्हणाले. निवाडा सोपवला थोरगेर या कायदेप्रमुखाकडे, जो स्वतः जुन्या धर्माचा. तो एक दिवस आणि एक रात्र अंगावर घोंगडं पांघरून पडून राहिला, कोणाशी बोलला नाही. उठल्यावर म्हणाला, कायदा फाटला तर शांतताही फाटेल. सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. मात्र नकोशी मुलं उघड्यावर टाकून देण्याची जुनी रीत आणि घोड्याचं मांस खाणं चालू राहील, आणि कोणी गुपचूप जुन्या देवांना बळी दिला तर हरकत नाही. साक्षीदार सापडला तरच शिक्षा. काही वर्षांत या सवलतीही गेल्या. घोंगड्याखाली तो काय विचार करत होता, कोणालाच कळलं नाही. पण यादवी टळली. मेळ असाही घालतात : एक वेदी चव्हाट्यावर, एक माजघरात.

आता विक्काकडे येते. नातीची मैत्रीण म्हणते, मी माझ्या पूर्वजांचं जुनं आणि नवं दोन्ही जपते आहे. इथे इतिहासाची शिक्षिका म्हणून मला हात वर करावा लागतो. विक्का जुना नाही. जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) या गृहस्थांनी आयुष्याचा मोठा काळ सिलोन, बोर्निओ आणि मलायात मळ्यांवर आणि कस्टम खात्यात काढला. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर १९३९ मध्ये आपल्याला चेटकिणींच्या एका जुन्या मंडळात दीक्षा मिळाली, असं ते सांगत. १९५१ मध्ये चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचं 'विचक्राफ्ट टुडे' आलं. प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची. या बाई कलकत्त्यात जन्मलेल्या, इजिप्तच्या प्राचीन इतिहासाच्या नावाजलेल्या अभ्यासक. पण १९२१ मध्ये त्यांनी मांडलं होतं, की युरोपात ज्यांना चेटकीण म्हणून मारलं ते एका प्राचीन गुप्त धर्माचे अनुयायी होते. पुढच्या इतिहासकारांनी हे म्हणणं साफ खोडलं. चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली हे खरं, पण त्यांतली बहुतेक स्वतःला ख्रिस्तीच समजणारी, शेजाऱ्यांच्या संशयाची बळी. रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काचा सविस्तर इतिहास लिहिला, त्यातून हा विसाव्या शतकातला इंग्रजी धर्म आहे हे स्वच्छ दिसतं.

म्हणून तो खोटा, असं मी म्हणणार नाही. धर्म कधीतरी नवा असतोच. पण मग त्या मुलीनं रेडवॉल्डची गादी चालवते आहे असं समजू नये. तिच्या हातातल्या दोन्ही गोष्टी इंग्लंडच्या, एक चौदाशे वर्षांची आणि एक तिच्या आजीच्या वयाची. गंमत म्हणजे गार्डनर यांनी स्वतः १९४६ मध्ये 'एन्शंट ब्रिटिश चर्च' नावाच्या एका छोट्या, मुख्य चर्चबाहेरच्या संस्थेत पुरोहिताची दीक्षा घेतली होती. म्हणजे दोन वेद्यांची हौस मूळ पुरुषालाही होतीच.

असा मेळ घालणारे बरेच जण मरियेलाच देवी मानतात, असं वाचलं. हेही नवं नाही. चौथ्या शतकात एपिफेनियस या बिशपनं काही बायकांची तक्रार लिहून ठेवली आहे. त्या सजवलेल्या आसनावर पाव ठेवून मरियेला नैवेद्य दाखवत. बिशपचं म्हणणं, मरियेचा आदर करा, पूजा नको. त्या बायकांचं म्हणणं काय होतं, ते कोणी लिहून ठेवलं नाही. असो.

मग माझं उत्तर काय? विक्काच्या बाजूनं अडचण काहीच नाही. तिथे आणखी एक देव आला तर पाट मांडायचा, बस्स. अडचण आहे ती दहा आज्ञांतल्या पहिल्याच आज्ञेची. ती अट मोडली तर मेळ होतो, पण मग जे उरतं ते आजीच्या ओळखीचं नसतं. पौर्णिमेच्या मेणबत्त्यांना आजीची हरकत असेल असं मला वाटत नाही. एवढ्या मेणबत्त्या तर चर्चमध्येही लागतात. तिची भीती अशी, की नात ज्याला ख्रिस्त म्हणते तो आता अनेकांतला एक झाला, आणि क्रूस हा अनेक दागिन्यांतला एक. ही भीती मला खोटी वाटत नाही. नातीचं मन खोटं आहे असंही वाटत नाही. एका माणसाच्या मनात दोन वेद्या राहू शकतात, हे हेल्गीनं दाखवलंच आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या खानेसुमारीत सुमारे ७४ हजारांनी धर्म 'पेगन' लिहिला आणि १३ हजारांनी 'विक्का'. धर्माचं उत्तर एकच धरायचं, त्यामुळे ही मुलगी त्यात कुठे मोजली गेली असेल कोण जाणे.

पण मला खरी उत्सुकता आहे ती पुढच्या पिढीची. हेल्गीसारखे थोडेबहुत ख्रिस्ती मानणारे जे वसाहतवाले आइसलंडला आले, त्यांच्याविषयी तोच जुना ग्रंथ सांगतो, की ते त्यांच्या घराण्यांत टिकलं नाही. मुलांनी देवळं बांधली, बळी सुरू केले आणि शंभराहून जास्त वर्षं सगळा देश जुन्याच धर्माचा राहिला. रेडवॉल्डच्या घरी उलटं झालं. त्याचा मुलगा अर्पवॉल्ड राजा झाला, तेव्हा नॉर्थम्ब्रियाच्या एडविन राजाच्या आग्रहानं तो पुरता ख्रिस्ती झाला, आणि थोड्याच दिवसांत रिकबर्ट नावाच्या एका पेगन माणसानं त्याला ठार केलं. पुढची तीन वर्षं राज्य पुन्हा जुन्या देवांकडे. मग सिगेबर्ट आला, तो इतका ख्रिस्ती की राज्य सोडून मठात गेला. बापानं दोन्ही वेद्या सांभाळल्या, पण पुढच्या प्रत्येकानं एकच उचलली.

देऊळ मात्र उभं होतं. बीडच्या काळापर्यंत हयात असलेला त्याच घराण्यातला एल्डवुल्फ राजा सांगत असे, की ते त्याच्या वेळेपर्यंत टिकून होतं आणि लहानपणी त्यानं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तोवर तिथे ख्रिस्ती राजे येऊन गेले होते, बिशप नेमले गेले होते, तरी ते कोणी पाडलं नव्हतं. त्या वेळी आत दोन्ही वेद्या होत्या का एकच, ते बीडनं लिहिलेलं नाही.